साबा नो मिसोनी: जपानी पद्धतीने मिसोत शिजवलेला मासा पहिल्यांदाच करताना

जपानी जेवण म्हटलं की आपल्याकडे सुशी आठवते आणि तिथेच विषय संपतो. पण जपानमधल्या एखाद्या साध्या खानावळीत दुपारी जाऊन बसलं, तर आजूबाजूच्या ताटांत कच्च्या माशापेक्षा भाजलेला नाहीतर रसात शिजवलेला मासाच जास्त दिसतो. शिजवलेल्या माशाचे हे सगळे प्रकार 'निझाकाना' या नावाखाली येतात. त्यातला घरोघरी होणारा, डब्यात बंद करून किराणा दुकानातही विकला जाणारा प्रकार म्हणजे साबा नो मिसोनी. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला, पण अंगाने मोठा मासा. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट, दाट गोळा. सोबत आलं, साखर, साके (तांदळाची जपानी दारू), मिरिन (स्वयंपाकात घालायची तांदळाची गोड दारू). मसाला म्हणावा असं एवढंच.

मराठी हाताला अडचण येते ती सवयीची. आपण माशाला मीठ, हळद, आगळ लावून ठेवतो, रस भरपूर करतो, आणि वशट वास राहू नये म्हणून तिरफळ, कोकम, लसूण घालतो. मिसोनीत वास झाकायला तसं फारसं काही नसतं, म्हणून तो मासा चुलीवर जायच्या आधीच काढून टाकावा लागतो. आणि चव माशाच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही. ती मुरावी अशी अपेक्षाही नसते. तुकडा मोडला की आत पांढरं, ओलसर मांस आणि बाहेर चकचकीत तपकिरी रसाचा थर, हेच बरोबर झाल्याचं लक्षण. चव आत जावी म्हणून कोणी अर्धा तास मंद आचेवर ठेवलं, तर मासा कोरडा पडतो आणि रस मात्र पातळच राहतो. हा सगळा प्रकार पंधरा ते वीस मिनिटांचा आहे.

बाजारात काय बघायचं

जपानमध्ये राहत असाल तर दुकानात साबा दोन-तीन नावांनी दिसेल. 'मासाबा' हा किनाऱ्यावरचा मुख्य साबा, शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत चरबीने भरलेला. 'गोमासाबा'च्या पोटावर तिळासारखे ठिपके असतात आणि चरबी बेताची असते. तिसरा नॉर्वेहून गोठवून येणारा अटलांटिक साबा. त्याच्या पाठीवरचे काळे पट्टे ठळक असतात आणि चरबी भरपूर. पहिल्यांदा करणाऱ्याने माझं ऐकाल तर नॉर्वेचाच घ्यावा. चरबी जास्त असल्यामुळे दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी तो कोरडा होत नाही. जुने जाणकार यावर नाक मुरडतील, पण पहिल्या खेपेला मासा क्षमाशील असलेला बरा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. त्याच फळीवर शेजारी 'शिओसाबा' म्हणजे मीठ लावलेले साबाचे तुकडे ठेवलेले असतात, दिसायला जवळजवळ तसेच. ते भाजण्यासाठी असतात. मिसो स्वतःच खारट आहे, त्यात खारवलेला मासा पडला तर रस तोंडात घालवत नाही.

अख्खा मासा घेतलात तर साफ करायचा प्रश्न येतो. जपानमधल्या अनेक सुपरमार्केटांत मासळीच्या काउंटरवर तो फुकट कापून देतात. तिथे 'मिसोनी नि शिमासु', म्हणजे मिसोनी करणार आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं. माणूस डोकं आणि आतडी काढून, मधला काटा एका बाजूला ठेवून माशाचे दोन भाग करतो आणि प्रत्येक भागाचे दोन तुकडे. काटा असलेला भाग घ्यायला कचरू नका. काट्यासकट शिजवलेला तुकडा कमी आकसतो आणि रसालाही जास्त चव देतो. खाताना काटे काढायची आपल्याला सवय असतेच.

ताजेपणाबद्दल साबाच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर राहावं लागतं. हा मासा वरून टवटवीत दिसत असताना आतून खराब होऊ लागतो, अशा अर्थाची म्हणच जपानीत आहे. म्हणूनच पूर्वी वाकासाच्या किनाऱ्यावर, ओबामा गावाकडे उतरलेला साबा मीठ लावून डोंगरवाटेने क्योतोला नेत. जवळजवळ सत्तर किलोमीटरची ती वाट आजही 'साबा काइदो' म्हणून ओळखली जाते. या घाईमागे ठोस कारण आहे. साबा, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेला राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन कितीही उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, अंगाला खाज सुटणं, डोकं दुखणं ही त्याची लक्षणं. पहिल्या घासालाच ओठ-जीभ चुरचुरल्यासारखी वाटली तर मासा तिथेच टाकून द्यावा. साबात 'आनिसाकिस' नावाचे बारीक, पांढरे किडेही असू शकतात. ते मात्र ६० अंशांना १ मिनिट किंवा ७० अंशांच्या वर गेले की मरतात, त्यामुळे शिजवलेल्या पदार्थात त्यांची काळजी नको.

डबीतले तुकडे घेताना तळाशी लालसर पाणी साचलेलं नको. कापलेल्या बाजूला पाठीच्या कण्याजवळ जो गडद लाल पट्टा असतो तो लालच असावा. तपकिरी पडला असेल तर मासा शिळा. गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. नळाच्या कोमट पाण्याखाली धरून घाईने सोडवला तर मांस पिलपिलीत होतं.

साहित्य

चार तुकड्यांसाठी, म्हणजे साधारण ३५० ते ४०० ग्रॅम मासा धरून:

पाणी १५० मिलि
साके १०० मिलि
साखर २ मोठे चमचे
मिरिन २ मोठे चमचे
मिसो ३ मोठे चमचे, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम
शोयू, म्हणजे जपानी सोया सॉस, १ लहान चमचा
आलं, अंगठ्याएवढा तुकडा
नेगी, म्हणजे जपानी लांब कांदा, एक (असेल तर)

मोठा चमचा १५ मिलिचा आणि लहान ५ मिलिचा. जपानी पाककृतींत 'एक कप' म्हटलं की २०० मिलि असतं. इंग्रजी पाककृतींतला कप त्याहून मोठा असतो. इंटरनेटवरची कृती करताना अनेकांचा रस याच घोळात बिघडतो.

मीठ यादीत नाही, ते राहून गेलेलं नाही. मिसो आणि शोयूत मीठ पुरेसं असतं. मासा हळद-मीठ लावून ठेवायचा हातही आवरा.

साकेविषयी थोडं सविस्तर. पिण्याचा साधा, स्वस्त साके उत्तम. 'र्योरिशु' नावाने जो स्वयंपाकाचा साके मिळतो, त्यात तो कोणी पिऊ नये म्हणून मीठ घातलेलं असतं. तोच वापरणार असाल तर शोयू घालू नका. साकेतला अल्कोहोल उकळताना बहुतेक उडून जातो आणि जाताना माशाचा वासही बराचसा घेऊन जातो, म्हणून त्याचं प्रमाण एवढं जास्त. दारू घरात आणायचीच नसेल तर साकेच्या जागी पाणी घ्या, मिरिनऐवजी आणखी एक मोठा चमचा साखर, आलं दुप्पट आणि तांदळाचा व्हिनेगर एक लहान चमचा. चव तीच येईल असं म्हणणार नाही, पण खाण्याजोगी नक्की होते.

मिरिन घेताना बाटली नीट वाचा. खरं मिरिन, म्हणजे 'होन-मिरिन', चिकट तांदूळ, तांदळाची कोजी (बुरशी वाढवून आंबवणीसाठी केलेला तांदूळ) आणि शोचू (जपानी कडक दारू) यांपासून होतं. त्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. 'मिरिन-फू' म्हणून मिळतं ते साखरेच्या पाकाचं मिश्रण, अल्कोहोल १ टक्क्याहूनही कमी. रसाला चकाकी दोन्हीने येते, पण वास मारायचं काम पहिलंच करतं.

मिसो कुठला? नागानोकडचा फिकट पिवळसर 'शिन्शू' मिसो सगळीकडे मिळतो, त्याने सुरुवात करा. आइची प्रांतातल्या ओकाझाकीचा 'हाच्चो' मिसो जवळजवळ काळा, निव्वळ सोयाबीनचा, दगडांच्या वजनाखाली दोनेक वर्षं मुरवलेला. तो उकळला तरी चव सोडत नाही, म्हणून मिसोनीला फार शोभतो, पण त्याला किंचित कडसर, तुरट झाक असते, त्यामुळे साखर अर्धा चमचा वाढवावी लागते. क्योतोचा पांढरा मिसो गोड आणि कमी खारट. तो एकटा घातला तर मासा शिऱ्याच्या वाटेला लागतो. दोन भाग शिन्शू आणि एक भाग हाच्चो असं मिश्रण मला सगळ्यांत आवडतं. कुठलाही असो, 'दाशी-इरी' लिहिलेला, म्हणजे सूपसाठी आधीच चव मिसळलेला मिसो टाळा. माशाचा रस स्वतःच चवदार असतो, त्यात आणखी माशांचा अर्क नको.

चुलीआधीचं काम

मिसोनी बिघडते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर. शिजवताना नाही.

तुकड्याच्या कातडीवर धारदार सुरीने फुलीचा काप द्या, कातडी कापली जाऊन सुरी मांसात जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाईल इतकाच. शिजताना कातडी मांसापेक्षा जोरात आकसते. काप नसेल तर ती कुठेही, वेडीवाकडी फाटते. सुरी बोथट असेल तर कातडी फराटली जाते, म्हणून आधी सुरीला धार लावा.

आता 'शिमोफुरी'. पातेल्यात भरपूर पाणी उकळा, गॅस बंद करा आणि त्यात एक पळी गार पाणी ओता. पाणी ८० ते ९० अंशांच्या आसपास यायला हवं. खळखळत्या पाण्यात कातडी तडकते आणि सोलवटून येते. शेजारी एका मोठ्या वाडग्यात गार पाणी, उन्हाळा असेल तर बर्फ घालून. तुकडा झाऱ्यावर घेऊन गरम पाण्यात बुडवा आणि बघत राहा. पाच ते दहा सेकंदांत पारदर्शक गुलाबी मांसावर दुधाळ पापुद्रा चढतो, कातडीवरची निळी-हिरवी झळाळी जाऊन ती मंद राखाडी होते. एवढं झालं की लगेच गार पाण्यात.

त्या गार पाण्यात तुकडा तळहातावर घ्या आणि अंगठा फिरवा. गरम पाण्यात जाण्याआधी जी बुळबुळ हाताला सुटत नव्हती, ती आता घट्ट होऊन पांढरट चिंध्यांसारखी निघून येते. काट्याच्या खोबणीत गोठलेलं काळपट रक्त असतं, ते नखाने किंवा जुन्या, स्वच्छ टूथब्रशने काढा. पोटाच्या आतली काळी पातळ चामडी खरवडा. पोटाच्या कडेला एखादं खवलं चिकटलेलं असेल तर तेही आत्ताच. वाडग्यातलं पाणी गढूळ आणि तवंगी होतं. वशट वासाचा बराचसा भाग याच पाण्यात उतरलेला असतो, तोच पुढे तुमच्या रसात गेला असता. पाणी फेकून द्या, तुकडे कागदी टॉवेलवर ठेवून अलगद टिपून घ्या.

कधी कधी जपानी बायकाही वेळ नसला की सिंकमध्ये चाळणीत तुकडे ठेवून वरून किटलीचं पाणी ओततात. चालतं, पण ओतलेलं पाणी खालच्या बाजूला नीट पोचत नाही, आणि नेमकं रक्त काट्याच्या बाजूला असतं.

भांडं आणि झाकण

भांडं पसरट हवं, साधारण २४ सेंटिमीटर तळाचं, ज्यात चारही तुकडे एकमेकांवर न चढता मावतील. उभट पातेल्यात तुकडे एकावर एक बसतात, खालचे चेपतात आणि रस मात्र आटत नाही.

झाकण मात्र खास असतं. 'ओतोशिबुता' म्हणजे भांड्यापेक्षा लहान झाकण, जे काठावर न बसता आत रसावर तरंगतं. पूर्वापार ते सुगी किंवा हिनोकीसारख्या सुवासिक लाकडाचं. लाकडी असेल तर वापरण्यापूर्वी पाण्याने भिजवायचं, नाहीतर ते पहिल्या दोन मिनिटांत रस पिऊन टाकतं आणि माशाचा वास पुढच्या चार पदार्थांपर्यंत सोडत नाही. घरी नसेल तर बेकिंगचा कागद भांड्याच्या तळापेक्षा बोटभर लहान गोल कापा, मधोमध रुपयाएवढं भोक पाडा. अॅल्युमिनियम फॉइलही चालते.

हे झाकण एकाच वेळी दोन कामं करतं. बुडबुडे त्याला आदळून परत माशावर पडतात, त्यामुळे थोड्याशा रसात तुकड्याची वरची बाजूही शिजते आणि मासा उलटावा लागत नाही. शिवाय कडेने वाफ बाहेर पडत राहते, रस आटतो, वास निघून जातो. आपलं नेहमीचं घट्ट झाकण ठेवलं तर वाफेबरोबर वासही आत कोंडतो आणि थेंब परत गळून रस पातळ होतो. तो मोह टाळावा.

शिजवणं

आल्याच्या अर्ध्या तुकड्याच्या सालासकट पातळ चकत्या करा. उरलेल्या अर्ध्याचं साल काढून सुईसारखे बारीक उभे काप करून गार पाण्यात टाकून ठेवा. ते वाढताना लागतील.

भांड्यात पाणी, साके, साखर आणि मिरिन घालून मोठ्या आचेवर उकळी आणा. मिसो अजून नाही. जपानी घरांत 'सा, शि, सु, से, सो' असा क्रम पाठ असतो: साखर, मीठ, व्हिनेगर, शोयू, मिसो. साखर आत शिरायला वेळ घेते आणि मीठ आधी गेलं तर मांस आवळतं, म्हणून साखर पहिली. शोयू आणि मिसोचा वास उकळीने उडतो म्हणून ते शेवटी. कोणी याला नुसती परंपरा म्हणेल, पण मिसोनीत तरी हा क्रम पाळणाऱ्याचा रस वेगळा लागतो.

उकळी फुटल्यावर तुकडे एकेक करून, कातडी वर ठेवून सोडा. उकळत्या रसात सोडल्याने मांसाचा वरचा थर लगेच घट्ट होतो. सगळे एकदम टाकले तर उकळी बसते, म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर क्षणभर थांबा. पुन्हा उकळी आली की कडेला फेस जमेल. तो चमच्याने काढून टाका. मगच आल्याच्या चकत्या घाला.

ओतोशिबुता ठेवा. आच मध्यम, आणि हे नीट लक्षात घ्या: कालवणासारखी मंद नाही. झाकणाच्या कडेने बुडबुडे सतत वर येत राहिले पाहिजेत आणि ते माशाच्या पाठीपर्यंत पोचले पाहिजेत. पाच मिनिटं.

तेवढ्यात वाटीत मिसो घ्या, भांड्यातला पळीभर गरम रस त्यात ओता आणि गुठळी न ठेवता कालवा. झाकण उचलून यातला दोन तृतीयांश मिसो तुकड्यांच्या मधल्या जागांत ओता, माशावर नको. भांडं दोन्ही हातांनी धरून हलकेच गोल फिरवा म्हणजे मिसो पसरेल. इथे कोकणातल्या घरांत तिखलं करताना जे करतात तेच करायचं आहे. डाव किंवा उलथनं भांड्यात घालायचं नाही, भांडंच हलवायचं. साबाचं मांस गरम असताना फार नाजूक असतं आणि चमचा लागला की कातडी सुटून येते.

झाकण ठेवून आणखी सात-आठ मिनिटं. आता आच थोडी कमी, कारण मिसो तळाला लागतो. दर दोन मिनिटांनी भांडं फिरवत राहा. या वेळात फोन हातात घेऊ नका. मिसो लागला की कडवटपणा सगळ्या रसात पसरतो आणि तो दुरुस्त होत नाही.

आता झाकण काढा. रस निम्म्याहून थोडा कमी उरलेला असेल. उरलेला मिसो आणि शोयू घाला. आधीचा मिसो रसाला अंग देतो, हा शेवटचा सुवास देतो. नेगी घालायचा असेल तर बोटभर लांब तुकडे करून कडेला ठेवा. आच पुन्हा मध्यम करा, भांडं किंचित कलतं धरून चमच्याने रस उचलून तुकड्यांच्या पाठीवर सोडत राहा. बुडबुड्यांकडे लक्ष द्या. आधी ते लहान, पाणचट, पटकन फुटणारे असतात. रस दाट होत गेला की मोठे, जड, चकचकीत होतात आणि फुटताना 'पुटुक' असा आवाज येतो. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती पुसली गेली नाही की गॅस बंद. गार होताना रस आणखी दाटतो, म्हणून मनासारखा व्हायच्या किंचित आधी थांबा.

तुकडे तसेच रसात दहा मिनिटं राहू द्या. गरम मासा लगेच उचलला तर मधोमध दुभंगतो.

वाढणं

रुंद उलथनं तुकड्याखाली पूर्ण सरकवून उचला, चिमटा नको. पसरट, थोड्या खोलगट ताटलीत कातडी वर ठेवून मांडा, रस वरून ओता, माथ्यावर आल्याच्या सुयांची छोटी चिमूट. शेजारी गरम, साधा जपानी भात, आणि काकडी आणि वाकामे या समुद्री शेवाळाची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर असेल तर फारच उत्तम, कारण मासा गोड-खारट आणि तेलकट असतो, त्याला आंबट हवंच. मिसो सूप नको. एकाच जेवणात दोनदा मिसो कशाला? साधं 'सुमाशी', म्हणजे नितळ सूप, नाहीतर हिरवा चहा.

बांगड्याची मिसोनी

महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून हे करायचं असेल तर बांगडाच घ्या, तो साबाचा सख्खा नसला तरी जवळचा भाऊबंद आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारातला बांगडा गोठवलेला किंवा कुठून तरी लांबून आलेला असतो. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरपासून पुढे मिळणारा टपोरा बांगडा घ्या. बांगडा लहान आणि पातळ, म्हणून हिशोब बदलतो. डोकं काढून, पोट साफ करून अख्खाच ठेवा किंवा फार तर दोन तुकडे करा. दोन्ही बाजूंना दोन तिरके काप द्या. शिमोफुरी पाचच सेकंद. मिसो घालण्याआधी तीन मिनिटं, नंतर चार-पाच मिनिटं, बस. पाणी १५० ऐवजी १०० मिलि घ्या, नाहीतर रस आटेपर्यंत मासा चामट होईल.

सुरमईच्या तुकड्याही छान होतात. जपानमधला 'सावारा' तिच्याच कुळातला आहे आणि मिसोशी त्याचं जुनं सख्य आहे. फक्त सुरमईत चरबी कमी, म्हणून मिनिटं मोजून शिजवा. पापलेट असेल तर मिसो नको, तो शोयूतच बरा. बोंबील या वाटेला नेऊ नका, त्याच्या पाण्यात रस कधी आटणारच नाही.

मिसो आणि मिरिन मुंबई-पुण्यातल्या परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. मिरिन नाही मिळालं तर तीन भाग साके आणि एक भाग साखर. पण आपल्याकडचा चायनीज पदार्थांसाठीचा काळा सोया सॉस शोयूच्या जागी घालू नका. त्याला रंग आणि कॅरमेलची चव फार असते. तो घालण्यापेक्षा शोयू वगळलेला चालेल.

मिसोशिवाय, 'नित्सुके' पद्धतीने

मिसो मिळालाच नाही तर 'नित्सुके' करा. जपानमध्ये हा प्रकार कारेइ या चपट्या माशाचा किंवा लालबुंद किनमेदाइचा करतात. तयारी, झाकण, आच सगळं तेच. रस असा: पाणी १५० मिलि, साके १०० मिलि, मिरिन ३ मोठे चमचे, साखर दीड मोठा चमचा, शोयू ३ मोठे चमचे, आल्याच्या चकत्या. शोयू इथे अर्धा सुरुवातीला आणि अर्धा मधे घालतात. दहा-बारा मिनिटांत होतं. अख्खा मासा वाढायचा असेल तर त्याचं डोकं खाणाऱ्याच्या डाव्या हाताला यावं, कारेइचं मात्र उजव्या. एक बाजू खाऊन झाल्यावर जपानी माणूस मासा उलटत नाही. मधला काटा उचलून बाजूला ठेवतो आणि खालचं मांस खातो.

बिघडलं तर

रस फार खारट झाला तर त्यात पाणी ओतून पुन्हा उकळू नका, मासा जास्त शिजेल. तुकडे आधी ताटात काढा, मग रसात गरम पाणी आणि साखर घालून तो वेगळा जमवा आणि वरून ओता. पातळ राहिला तरी हेच: मासा बाहेर, रस एकटा आटवा. वास राहिला तर तो आता जाणार नाही. आल्याच्या सुया दुप्पट घाला, लिंबाची फोड ठेवा, आणि पुढच्या वेळी शिमोफुरीनंतर गार पाण्यात तुकडे धुवायला दोन मिनिटं जास्त द्या. कातडी फाटली तर वरून रस आणि नेगी पसरा, चवीत काही फरक पडत नाही.

उरलं तर

मासा रसासकट झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. कोमट झाल्या झाल्या ठेवा, रात्रभर ओट्यावर नको. दुसऱ्या दिवशी गार रस काटे-कातडीतल्या सरसामुळे थरथरीत गोठलेला असेल, तो काढून टाकायचा नाही. मिसोपेक्षा नित्सुकेत हे जास्त होतं, आणि तो गोठलेला रस गरम भातावर घेऊन खाणारे बरेच आहेत. गरम करताना भांड्यात दोन चमचे साके किंवा पाणी शिंपडून अगदी मंद आचेवर, या वेळी मात्र नेहमीचं झाकण घट्ट लावून. मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार असाल तर कमी ताकदीवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबत. साबाची चरबी आणि कातडी पूर्ण ताकदीवर आत फटाके फोडते आणि नंतर ओव्हन पुसायला लागतो.